लहरी हवेचा हिशेब : आयर्लंडमधला फेब्रुवारीचा एक आठवडा

आईचा फोन रोज दुपारी एकच्या सुमारास येतो. तिकडे दिवेलागणीची वेळ, इकडे माझी जेवणाची सुट्टी. पहिला प्रश्न ठरलेला : "हवा कशी आहे रे आज?" सुरुवातीला मी "पाऊस आहे" असं सांगून मोकळा व्हायचो. मग बोलता बोलताच लख्ख ऊन पडायचं आणि फोन ठेवेपर्यंत खिडकीच्या काचेवर गारा ताडताड वाजायला लागायच्या. "अरे, आत्ता तर ऊन म्हणालास!" आता मीच तिला विचारतो, "सकाळची सांगू की आत्ताची?" त्यावर तिचं उत्तर एकच : "फारच लहरी हवा बाबा तुमच्याकडची."

मी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, गॉलवेत राहतो. आईचा हा "लहरी" शब्द मला अतिशय आवडतो, कारण तिच्या नकळत तो अगदी नेमका पडला आहे. लहरी म्हणजे आपण समजतो मनमानी, कशाला काही धरबंध नसलेलं. पण शब्दाच्या पोटात लहर आहे, आणि लहर म्हणजे लाट. लाटेला चढ असतो, माथा असतो, उतार असतो आणि मागून दुसरी लाट असते. अटलांटिकच्या काठावरची हवा मनमानी वाटते. प्रत्यक्षात ती एकामागून एक येणाऱ्या लाटांची आहे. प्रत्येक लाटेतल्या गोष्टींचा क्रम जवळजवळ तोच असतो, फक्त वेळ मागेपुढे होते. हा क्रम एकदा कळला की आभाळाकडे बघून पुढच्या बारा तासांचा अंदाज बांधता येतो. तो क्रमच आज समजावून सांगायचा आहे.

आधी बेटाची जागा. आयर्लंड साधारण ५१.५ ते ५५.५ अंश उत्तर अक्षांशांमध्ये येतं. त्याच्या पश्चिमेला पार कॅनडातल्या न्यूफाउंडलंडपर्यंत तीनेक हजार किलोमीटर नुसतं पाणी. तिकडचं सेंट जॉन्स हे शहर गॉलवेच्या दक्षिणेला, ४७.५ अंशांवर आहे. म्हणजे सूर्य तिथे जास्त वर येतो. तरी फेब्रुवारीत सेंट जॉन्स बर्फात असतं, सरासरी तापमान शून्याच्या बरंच खाली. गॉलवेत त्याच दिवसांत दुपारी आठ-नऊ अंश आणि रात्री तीन-चार अंश असतात, आणि अंगणातलं गवत हिरवंगार असतं.

याचं कारण वाऱ्याची दिशा. या अक्षांशांवर वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून वाहतो. सेंट जॉन्सला तो गोठलेल्या खंडावरून येतो, आयर्लंडला समुद्रावरून. आणि समुद्र म्हणजे उष्णतेचं कोठार. एक घनमीटर पाणी एक अंशाने गार होताना जी उष्णता बाहेर टाकतं, तिच्यात तीन हजार घनमीटरांहून जास्त हवा एक अंशाने तापते. त्यातून उत्तर अटलांटिक प्रवाह दक्षिणेकडचं कोमट पाणी इकडे आणत असतो. त्यामुळे भर हिवाळ्यातही पश्चिम किनाऱ्याजवळच्या समुद्राचं तापमान नऊ-दहा अंशांच्या खाली सहसा जात नाही.

यातून एक गोष्ट निघते, जी महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला पचायला वेळ लागतो. आपल्याकडे तापमान सूर्य ठरवतो : पहाटे गारठा, दुपारी कडक ऊन, संध्याकाळी उतार. इथे हिवाळ्यात सूर्य दुबळा असतो आणि तापमान वारा ठरवतो. वारा नैऋत्येचा झाला तर मध्यरात्री दोन वाजता बारा अंश असू शकतात; तो वायव्येला वळला तर दुसऱ्या दिवशी भर दुपारी पाच. सकाळपेक्षा दुपार गार हे इथे नवलाचं नाही.

पावसाचंही तसंच. पुण्याचा आणि डब्लिनचा वर्षाचा पाऊस जवळपास सारखाच आहे, दोन्हीकडे साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास. पुण्यात त्यातला बहुतेक सगळा जून ते ऑक्टोबरमध्ये उरकतो. डब्लिनमध्ये तो बारा महिन्यांवर आणि साधारण दीडशे दिवसांवर पसरलेला असतो. पश्चिम किनाऱ्याकडे तर पावसाचे दिवस सव्वादोनशेपर्यंत जातात. बेटाच्या नैऋत्येला केरीच्या डोंगरांवर ढग अडून तिकडे धो धो पाऊस आणि डब्लिनकडे कमी, हे घाटमाथा आणि देश यांच्यासारखंच. फक्त डोंगर आपल्या सह्याद्रीपुढे बुटके, सर्वांत उंच शिखर १,०३८ मीटरचं.

आता लाटा येतात कुठून? अटलांटिकवर दोन स्वभावाच्या हवा समोरासमोर येतात. दक्षिणेला अझोर्स बेटांकडची उबदार, दमट हवा. उत्तरेला ग्रीनलंड आणि कॅनडाकडची गार, कोरडी हवा. या दोन हवा पटकन मिसळत नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या काळात नॉर्वेतल्या बर्गेन शहरात विल्हेल्म ब्यॅर्कनेस आणि त्यांचे तरुण सहकारी यावर काम करत होते. युद्धामुळे ब्रिटनकडून आणि समुद्रावरून येणाऱ्या नोंदी बंद झाल्या होत्या, म्हणून त्यांनी स्वतःच्याच किनाऱ्यावर दाट निरीक्षणं घ्यायला सुरुवात केली. तेव्हा दिसलं की हवा बदलते ती हळूहळू नाही, तर एखादी रेघ ओलांडावी तशी. त्या रेषेला त्यांनी युद्धातलाच शब्द दिला : आघाडी. विल्हेल्म यांचा मुलगा याकोब याने विशीच्या उंबरठ्यावर असताना, १९१९ मध्ये, फिरत्या वादळांची रचना मांडली. शंभर वर्षं उलटली, तरी टीव्हीवरच्या हवामानाच्या नकाशावर लाल अर्धगोल आणि निळे त्रिकोण दिसतात ते त्याच विचाराचे.

त्या आघाडीवर मधूनच एक बाक पडतो. बाकाच्या एका बाजूने उबदार हवा उत्तरेकडे घुसते (तिची पुढची कड म्हणजे उबदार आघाडी), दुसऱ्या बाजूने गार हवा दक्षिणेकडे उतरते (तिची कड म्हणजे गार आघाडी), आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे दोन्हींना गिरकी मिळते. मधला दाब कमी होत जातो. हाच कमी दाबाचा पट्टा, शाळेच्या भूगोलात ज्याला आपण आवर्त म्हणून शिकलो. वर आठ-दहा किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम नावाचा वेगवान वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे धावत असतो, कधी कधी ताशी तीनशे किलोमीटरने. तोच या आवर्ताला खतपाणी घालतो आणि पुढेही ढकलतो. न्यूयॉर्कहून डब्लिनला येणारी विमानं हिवाळ्यात वेळेआधी उतरतात ती याच वाऱ्यावर स्वार होऊन. हिवाळ्यात ध्रुवाकडची थंडी आणि विषुववृत्ताकडची ऊब यांतली तफावत सर्वांत जास्त, म्हणून जेट स्ट्रीमही जोरात आणि आवर्तंही दांडगी. ताशी साठ किलोमीटरने निघालेलं आवर्त न्यूफाउंडलंडहून दोन दिवसांत इथे दार ठोठावतं.

आता आठवडा. हा कुठल्या एका तारखेचा आठवडा नाही. दर फेब्रुवारीत एकदा तरी दिसतो असा आहे.

रविवारी सगळं शांत. दोन आवर्तांच्या मधला जास्त दाबाचा पट्टा बेटावर आलेला आहे. आभाळ निरभ्र, वारा पडलेला. अशा रात्री जमिनीची ऊब थेट अवकाशात निघून जाते, अडवायला ढगांची गोधडी नसते. पहाटे गाडीच्या काचेवर जाडसर हिम, गवताचं प्रत्येक पातं पांढरं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याची बातमी आपल्याकडे दर थंडीत येते, त्यामागेही हेच कारण : निरभ्र, निवांत, लांब रात्र. बेटाच्या मध्यभागी हा गारठा जास्त, किनाऱ्याजवळ समुद्र तो वाढू देत नाही.

सोमवारी दुपारी पश्चिमेला आभाळात पांढरे, पिंजलेल्या कापसाच्या धाग्यांसारखे ढग दिसायला लागतात. फार उंचावर, बर्फाच्या स्फटिकांचे. उबदार हवा गार हवेच्या पाठीवर चढत चढत हजारभर किलोमीटर पुढे आलेली असते, तिचं हे पुढचं टोक. रात्री चंद्राला खळं पडतं. हात पूर्ण लांब करून वीत उघडा आणि अंगठा चंद्रावर ठेवा. करंगळी बरोबर खळ्याच्या कडेवर येते. कारण ते खळं २२ अंशांचं असतं, आणि लांब केलेल्या हाताची वीतही जवळपास तेवढीच भरते. खळं दिसलं की पाऊस, ही समजूत आपल्याकडेही आहे आणि इथल्या कोळ्यांमध्येही. अटलांटिकच्या काठावर ती बऱ्याचदा खरी ठरते, कारण त्या स्फटिकांच्या मागे पावसाची आघाडी असण्याचा संभव मोठा.

याच वेळी वायुदाब उतरू लागतो. पूर्वी घरोघरी भिंतीवर दाबमापक असायचा. आता पुष्कळ स्मार्टफोनमध्येच तो बसवलेला असतो. आकडा किती आहे यापेक्षा तो किती वेगाने उतरतोय हे बघायचं. या बेटावरची दोन टोकं सांगतो : २८ जानेवारी १९०५ ला केरीतल्या व्हॅलेन्शियाला १०५१.९ हेक्टोपास्कल (हे वायुदाबाचं एकक), आणि डिसेंबर १८८६ मध्ये बेलफास्टला ९२७. एवढ्या लहान बेटावर सव्वाशे हेक्टोपास्कलांचा पल्ला!

वाऱ्याची दिशाही बदललेली असते. तो आता आग्नेयेकडून येतोय. एकोणिसाव्या शतकात बाईस बॅलट या डच शास्त्रज्ञाने सांगितलेला नियम इथे फार कामाला येतो : उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाब तुमच्या डाव्या हाताला. आग्नेयेच्या वाऱ्याला पाठ दिली तर डावा हात नैऋत्येकडे जातो. म्हणजे आवर्त अजून समुद्रावर आहे, यायचं आहे.

मंगळवारी पहाटेपासून रिपरिप. ढग आधी उंच आणि पांढुरके, मग राखाडी, मग छपरांना टेकल्यासारखे. हा उबदार आघाडीचा पाऊस. त्याला घाई नसते. आपल्या श्रावणातल्या सरीसारखा नाही, आषाढातल्या झडीसारखा : संथ, बारीक, न थांबणारा, आणि वारा असला की आडवा. छत्री इथे निरुपयोगी, पाऊस गुडघ्याखालीच भिजवतो. पाच-सहा तासांनी तो ओसरतो, वारा नैऋत्येकडे वळतो आणि अंगाला एकदम ऊब जाणवते. उबदार हवेच्या पोटात आपण आलो. पण ऊन मात्र नाही. झाकोळलेलं आभाळ, टेकड्यांवर धुकं, कधी भुरभुर, कधी नुसतीच ओल. न तापवलेल्या खोल्यांच्या भिंतींना घाम सुटतो, कारण समुद्रावरून आलेली ही दमट हवा गार भिंतीला लागून पाणी सोडते. मला एरवी इथल्या हवेचं काही वाटत नाही, पण हा मधला भाग मन खाली ओढतो. मग एक गोष्ट आठवून बरं वाटतं : नैऋत्येचा वारा आपल्या गावी मोसमी पाऊस आणतो, आणि इतक्या दूर, इतक्या वेगळ्या कारणाने, इथेही पावसाची मुख्य दिशा तीच आहे.

बुधवारचा दिवस माझा सर्वांत आवडता, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबतो. सकाळी पश्चिमेकडून एक काळी पट्टी सरकत येते. दहा-पंधरा मिनिटं मुसळधार, वाऱ्याचा एक जोरदार सपकारा, आणि मग कुणीतरी पडदा ओढावा तसं आभाळ फाकतं. गार आघाडी गेली. अर्ध्या तासात तापमान चार-पाच अंशांनी उतरतं. वारा नैऋत्येवरून थेट वायव्येला उडी मारतो. आपल्या जुन्या दिशांच्या नावांत वायव्य ही वायूची दिशा. अटलांटिकवर ती शब्दशः खरी आहे. आता पाठ वाऱ्याकडे केली तर डावा हात ईशान्येला जातो : आवर्त पुढे निघून गेलं. हवा इतकी स्वच्छ की गॉलवेच्या उपसागरापलीकडचे क्लेअरचे डोंगर हाताशी आल्यासारखे दिसतात.

पण पाऊस संपत नाही, फक्त जात बदलतो. आता सरी येतात. मराठी माणसाला त्या वळवावरून चटकन कळतील. वैशाखात जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर धावते, ढग उभा वाढतो आणि दुपारी वळीव कोसळतो. इथे तापलेल्या जमिनीचं काम समुद्र करतो. दहा अंशांचं पाणी, आणि त्यावर ग्रीनलंडकडून आलेली हवा, जी दीड किलोमीटर उंचीवर शून्याखाली पाच अंशांवर असते. त्या हवेच्या दृष्टीने खालचा समुद्र म्हणजे चुलीवरचं आधणच. ती खदखदत वर जाते, फुलकोबीसारखे ढग उठतात, आणि वाऱ्याबरोबर एकामागून एक किनाऱ्याला लागतात. वळीव दुपारनंतर येतो कारण जमीन दुपारी तापते. समुद्राला दिवस-रात्र नाही, म्हणून इथल्या सरी रात्री तीन वाजताही तितक्याच दमदार.

एका सरीचा हिशेब सांगतो, कारण आईच्या फोनमधलं कोडं इथेच सुटतं. असा ढग पाच-दहा किलोमीटर रुंद असतो आणि ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरने धावतो. म्हणजे तो डोक्यावरून जायला फार तर पंधरा मिनिटं. मग तेवढीच उघडीप. मग पुढचा ढग. फोनवर आपण वीस मिनिटं बोललो तर त्यात ऊन, सर आणि पुन्हा ऊन बसतंच. कधी कधी सरीत गारा असतात, पण आपल्याकडच्या बोराएवढ्या नव्हेत. पांढऱ्या, अपारदर्शक, अगदी साबुदाण्यासारख्या. हातात घेऊन दाबल्या तर चुरा होतो. अंगणातल्या दगडी पायरीवर पडल्या की टुणटुण उडतात आणि मिनिटभरात विरतात.

आणि इंद्रधनुष्य. ते दिसायला सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांपेक्षा खाली असावा लागतो. त्याहून वर गेला तर धनुष्याची कमान क्षितिजाखाली जाते. फेब्रुवारीच्या मध्यावर पुण्यात दुपारी सूर्य ५८ अंशांपर्यंत चढतो, म्हणजे माध्यान्ही इंद्रधनुष्य शक्यच नाही. गॉलवेत त्याच दिवशी तो २४ अंशांच्या वर जातच नाही. म्हणजे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, कुठल्याही क्षणी, पाऊस आणि ऊन एकत्र आले की धनुष्य दिसू शकतं. मी एका बुधवारी चार मोजली होती. यात एक व्यवहाराची खूणही आहे. वारा पश्चिमेचा असताना सकाळचं इंद्रधनुष्य पश्चिमेला दिसतं, म्हणजे सर येऊ घातली आहे. संध्याकाळचं पूर्वेला दिसतं, म्हणजे ती गेली. कपडे वाळत घालायचे की नाही ते त्यावर ठरवावं.

गुरुवारी दुसरं आवर्त. पहिल्याची गार आघाडी दक्षिणेकडे लांबच लांब शेपटीसारखी समुद्रावर पसरलेली असते, आणि त्या शेपटीवरच नवा बाक पडतो. म्हणून आवर्तं कुटुंबाने येतात, एकामागून एक. फेब्रुवारी २०२२ मध्ये १६ तारखेला डडली, १८ ला युनिस आणि २० ला फ्रँकलिन, अशी नावं दिलेली तीन वादळं एका आठवड्यात येऊन गेली. आयर्लंड आणि ब्रिटनच्या हवामान खात्यांनी २०१५ मध्ये वादळांना नावं देणं सुरू केल्यापासून असं पहिल्यांदाच झालं.

चोवीस तासांत मधला दाब साधारण २४ हेक्टोपास्कलांनी घसरला तर त्या आवर्ताला हवामानशास्त्रज्ञ सरळ बॉम्ब म्हणतात. बहुतेक आवर्तं या थराला जात नाहीत. जी जातात त्यांच्याशी खेळ नको. २४ जानेवारी २०२५ च्या पहाटे एओविन वादळात गॉलवे काउंटीतल्या मेस हेडला ताशी १८० किलोमीटरहून जास्त वेगाचा झोत नोंदला गेला; १९४५ पासूनचा १८२ चा विक्रम मोडला. साऱ्या बेटाला लाल इशारा होता, आणि आयर्लंडमध्ये ७ लाख ६८ हजार घरं-दुकानं अंधारात गेली. त्या पहाटेचा आवाज अजून कानात आहे. वाऱ्याचा घोंघाट आपण म्हणतो तसा तो नव्हता. खाली कुठेतरी मालगाडी उभी आहे आणि ती हलतच नाही, असा सलग, खोल आवाज. इथलं हवामान खातं मेट एरिन पिवळा, नारिंगी आणि लाल असे तीन इशारे देतं. इथे नव्याने येणाऱ्या आपल्या मुलांना मी कळकळीने सांगतो : पिवळ्यात काळजी घ्या, नारिंगीत प्रवास बदला, लालमध्ये घराबाहेर पाऊल टाकू नका. समुद्रावरच्या लाटा बघायला तर मुळीच जाऊ नका. हाच वारा एरवी उपयोगीही आहे. आयर्लंडच्या विजेतला साधारण एक तृतीयांश वाटा पवनचक्क्यांचा असतो.

शुक्रवारी पुन्हा जास्त दाबाचा एक अरुंद पट्टा, पुन्हा उघडीप. दोन लाटांमधला खोलगट भाग म्हणा. इथले शेतकरी, गवंडी, कोळी या उघडिपीवर टपलेले असतात. तिची लांबी ओळखणं हे हवामानाच्या अंदाजातलं सर्वांत अवघड काम, आणि त्यावर एकदा फार मोठा निर्णय टेकला होता. मेयो काउंटीत ब्लॅकसॉडला दीपगृहाशेजारी टपाल कार्यालय आणि हवामानाचं ठाणं होतं. जून १९४४ मध्ये तिथे मॉरीन फ्लॅव्हिन नावाची मुलगी नोंदी घ्यायची. आयर्लंड दुसऱ्या महायुद्धात तटस्थ होतं, पण हवामानाच्या नोंदी ब्रिटनला पोचत होत्या. ३ जूनला, आपल्या एकविसाव्या वाढदिवशी, तिने दाब झपाट्याने उतरत असल्याचं नोंदवलं. ती नोंद पुन्हा तपासून सांगा, असा निरोप आला. तिने तपासलं, आकडा बरोबर होता. फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरची दोस्त सैन्यांची ५ जूनची चढाई एक दिवस पुढे गेली आणि ६ जूनच्या छोट्या उघडिपीत झाली. आपल्या नोंदीचं काय झालं हे तिला १९५६ मध्ये कळलं. डिसेंबर २०२३ मध्ये, शंभर वर्षांची होऊन, ती वारली.

पश्चिम किनाऱ्यावरचं एकेक ठाणं इतकं मोलाचं का, ते यावरून कळावं. लाटा पश्चिमेकडून येतात, आणि युरोपात त्या सर्वांत आधी इथे लागतात. केरीतल्या व्हॅलेन्शिया बेटावरून १८६० पासून तारेने हवामानाच्या नोंदी जाऊ लागल्या. पुढे १८६६ मध्ये अटलांटिकखालची टिकाऊ तारही याच बेटावरून न्यूफाउंडलंडला जोडली गेली. आज समुद्रात तरंगणारे बोये आहेत, उपग्रह आहेत. साध्या माणसालाही याचा फायदा घेता येतो. गॉलवेहून डब्लिन सुमारे दोनशे किलोमीटर. गॉलवेवरून गार आघाडी गेली की तीन-चार तासांनी ती डब्लिनला पोचणार. डब्लिनमधला माझा एक मित्र कामावरून सायकलने घरी निघण्याआधी मला विचारतो, "तुझ्याकडे उघडलं का?"

शनिवारी पूर्वेचा वारा सुटला तर मात्र वरचा सगळा क्रम बाजूला ठेवायचा. असं क्वचित होतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये ध्रुवावर, पार तीस किलोमीटर उंचीवर, हवा अचानक तापली आणि पश्चिमेचा प्रवाह मोडला. मग वारा रशियाकडून आला. मार्चच्या सुरुवातीला एम्मा वादळाने दक्षिणेकडून आणलेली वाफ त्या गोठलेल्या हवेला भिडली आणि देशभर लाल इशारा लागला. रस्ते बर्फाने बंद, दुकानांतून पाव गायब. या अक्षांशावर समुद्राची सावली नसती तर हिवाळा कसा असता, ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

अंदाजांबद्दल थोडं. युरोपचं मध्यम पल्ल्याच्या अंदाजांचं केंद्र एकच गणित पन्नासहून जास्त वेळा करतं, दर वेळी सुरुवातीच्या नोंदींत किंचित फरक करून. सगळी उत्तरं एकमेकांजवळ आली तर अंदाज पक्का, विखुरली तर कच्चा. "पावसाची शक्यता ६० टक्के" हा आकडा साधारण या विखुरण्यावरून येतो. आवर्त गुरुवारी येणार हे चार-पाच दिवस आधी बहुधा बरोबर कळतं. पण बुधवारची एखादी सर नेमकी तुमच्या गल्लीवर पडेल का, हे तासभर आधीच, रडारवर बघून कळतं. फुलकोबीसारखा ढग नक्की कुठे उठेल ते कुणालाच आधी सांगता येत नाही. म्हणून अंदाजात "सरी आणि उघडीप" एवढंच म्हणतात, आणि ते चुकीचं नसतं.

इथल्या जुन्या परंपरेत १ फेब्रुवारी, संत ब्रिजिटचा दिवस, हाच वसंताचा पहिला दिवस. त्या दिवशी लव्हाळ्यांचे क्रूस विणून दारावर लावतात, आणि २०२३ पासून त्यानिमित्त सार्वजनिक सुट्टीही आहे. प्रकाश बघितला तर परंपरा खरी आहे : फेब्रुवारीत दिवस रोज जवळपास चार मिनिटांनी मोठा होतो, महिनाभरात पावणेदोन तासांहून जास्त. हवामानशास्त्राच्या हिशेबात मात्र हिवाळा फेब्रुवारीअखेर संपतो, आणि समुद्राचा हिशेब आणखी वेगळा. पाणी सावकाश तापतं तसं सावकाश निवतं, म्हणून समुद्र सर्वांत गार असतो तो डिसेंबरात नाही, फेब्रुवारीच्या शेवटी आणि मार्चमध्ये. त्याच्यावरून येणारा वायव्येचा वाराही तेव्हाच सर्वांत बोचतो. ऊन वाढलेलं, डॅफोडिल फुललेली, कोकरं शेतात, आणि मधूनच बर्फाची सर.

इथे एक जुनी गोष्ट सांगतात. एक म्हातारी कबरी गाय मार्च संपताना फुशारकी मारू लागली, "या मार्चला काही मला मारता आलं नाही." मार्चला राग आला. त्याने एप्रिलकडून तीन दिवस उसने घेतले, त्या तीन दिवसांत वारा, पाऊस आणि गारा सगळं एकदम सोडलं, आणि गाय गेली. एप्रिलच्या त्या पहिल्या तीन दिवसांना आयरिश भाषेत अजूनही कबऱ्या गाईचे दिवस म्हणतात.